उड्डाणतासांचा वाटा: एका अभ्यासक्षेत्रात शिरताना

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपनीत रुजू होणाऱ्या वैमानिकाला गणवेश आणि ओळखपत्राबरोबर आणखी एक गोष्ट मिळते: सेवाज्येष्ठता यादीतला क्रमांक. निवृत्त होईपर्यंत त्याच्या नोकरीचे बहुतेक सारे याच क्रमांकावर चालते. बेस कोणत्या शहरात, विमान कोणते, कॅप्टनची खुर्ची कधी, नाताळ घरी की परगावच्या हॉटेलात, आणि मंदी आली तर आधी घरी कोणी बसायचे, हे सगळे यादी पाहून ठरते. एकाच दिवशी भरती झालेल्यांत बऱ्याच ठिकाणी वयाने मोठा तो वर. कोण किती सफाईने विमान उतरवतो किंवा साहेबाचे कोणाबद्दल काय मत आहे, याला त्या यादीत जागा नाही.

या पुस्तकाच्या निमित्ताने मराठी वाचकाचे अशा एका विषयात स्वागत करतो आहे, ज्यावर कामगार कायद्याचे जाणकार, गणिती, थकव्याचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि संघटनांचे इतिहासकार आपापल्या खोलीत बसून काम करत आले आहेत. या खोल्यांमधली दारे उघडावीत असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे शिक्षकांपासून अभियंत्यांपर्यंत सेवाज्येष्ठतेचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून मोजायची की कायम झाल्याच्या, याचा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये दिलेला निर्णय महाराष्ट्र सरकारच्या अभियंत्यांच्याच खटल्यातला आहे. नेमणूक नियमानुसार झाली असेल तर तिच्याच तारखेपासून, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा या विषयाचे अर्धे व्याकरण मराठी वाचकाला आधीच येते. उरलेले अर्धे उड्डाणतासांचे.

उड्डाणतास वाटायचा म्हणजे नेमके काय वाटायचे? माझ्या मते सगळा गुंता इथे आहे. तास म्हणजे मजुरी, कारण बऱ्याच ठिकाणी वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग तासांवर मोजला जातो. महिन्याला अमुक तासांची हमी, आणि त्यावर उडाल तसे. तास म्हणजे थकवाही. म्हणून तर भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे वर्षाला १००० उड्डाणतासांची कमाल मर्यादा आहे. आणि तास म्हणजे सराव. गेल्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केली नसतील तर अमेरिकन नियमांनुसार वैमानिकाला प्रवासी घेऊन उडता येत नाही, आणि वहीत पुरेसे तास जमल्याखेरीज कमांडही मिळत नाही. सर्वांना सारखे तास द्या, ही मागणी कानाला सरळ वाटते. पण मजुरी सारखी करायला गेलो तर थकवा सारखा राहत नाही. मुंबई-लंडन प्रवासात समुद्रावरून जाणारा एक तास आणि दिवसात चार फेऱ्या मारताना वाट्याला येणारा एक तास पगारपत्रकावर एकच असतात. पहाटे तीनचा तास आणि दुपारी तीनचा तासही तिथे एकच.

ही मोजणी सुरू कशी झाली हे पाहायचे तर अमेरिकेतल्या १९३० च्या दशकात जावे लागते. डेव्हिड बेन्की यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये तिथल्या वैमानिकांची संघटना उभी राहिली. विमाने झपाट्याने वेगवान होत होती. वेग वाढला की तेवढेच अंतर कमी तासांत कापले जाते. पगार निव्वळ तासांवर असला तर त्या वेगाचा सगळा लाभ मालकाच्या पदरात पडतो आणि वैमानिकाची कमाई घटते. तासांना मर्यादा नसली तर तोच वैमानिक जास्त फेऱ्या मारतो आणि दुसऱ्याची नोकरी जाते. १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाचा ८३ क्रमांकाचा निर्णय आला. त्याने मूळ वेतन, तासांचा दर आणि मैलांचा दर असे मिश्र सूत्र घालून दिले आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा आखली. १९३८ च्या विमान वाहतूक कायद्याने तो निर्णय कायम केला. सेवाज्येष्ठतेची पद्धत रेल्वेकडून आली. मुख्य वैमानिकाची मर्जी सांभाळणाऱ्याला चांगल्या फेऱ्या आणि तोंड उघडणाऱ्याला रात्रीची टपालफेरी, हा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता त्यांना तारखेवर चालणारी, कोणाचेही तोंड न पाहणारी यादी म्हणजे मोठीच ढाल वाटली. तशी ती होतीही.

त्याच १९३४ सालातली दुसरी घटना मात्र नजरेआड होऊ नये. हेलन रिची यांना सेंट्रल एअरलाइन्सने सहवैमानिक म्हणून नेमले. संघटनेने त्यांना सदस्यत्व नाकारले आणि सरकारी खात्याने त्यांना चांगल्या हवेतच उडवावे असे कंपनीला सुचवले. नोकरी होती, पण उड्डाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १९३५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. माणसाला नोकरीत घेऊनही तास न देता बाहेर काढता येते, हे त्या प्रकरणात लख्ख दिसते. भेदभावामुळे गेलेली वर्षे यादीत परत मिळावीत का, हा प्रश्न पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला. लग्न केले म्हणून युनायटेड या विमान कंपनीने नोकरी सोडायला लावलेल्या आणि पुढे पुन्हा कामावर घेतलेल्या एका हवाईसुंदरीने आपली जुनी ज्येष्ठता मागितली. तिने पहिल्या वेळी मुदतीत तक्रार केली नव्हती, या कारणावरून १९७७ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध गेला. यादी निःपक्ष असते, पण यादीत शिरण्याची तारीख ज्या जगात ठरते ते जग तसे असेलच असे नाही.

आता गणिताकडे. अमेरिकेत आणि कॅनडात वैमानिक दर महिन्याला आपली पसंती नोंदवतो: अमुक दिवस सुट्टी हवी, अमुक गावी मुक्काम नको. संगणक सर्वांत ज्येष्ठ वैमानिकाचे रोस्टर, म्हणजे महिन्याचे कामाचे वेळापत्रक, आधी बसवतो, मग त्याच्या खालच्याचे, मग त्याच्याही खालच्याचे. ऐकायला सोपे आहे. पण प्रत्येक पायरीवर एक अवघड खात्री करून घ्यावी लागते: वरच्याला हवे ते दिले, तर उरलेल्या फेऱ्या उरलेल्या माणसांत नियम न मोडता बसतील का? एअर कॅनडासाठी माँट्रियालच्या गणितज्ञांनी हे कोडे कसे सोडवले ते १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. गणिताची आवड असलेल्या वाचकाने या विषयात शिरायला त्याच्याइतकी चांगली वाट नाही. युरोपातल्या अनेक कंपन्या दुसरा मार्ग धरतात. तिथे पहाटेच्या ड्युट्या, शनिवार-रविवार, लांबच्या फेऱ्या सर्वांना साधारण सारख्या याव्यात असे रोस्टर बनवले जाते.

ज्येष्ठतेच्या पद्धतीतला न्याय आयुष्यभराच्या हिशेबात असतो. आज स्टँडबायवर फोनकडे डोळे लावून बसलेल्याला उद्या वरची जागा मिळणार, या भरवशावर तो आजची गैरसोय सोसतो. कंपनी टिकली तर हिशेब पुरा होतो. १९९१ मध्ये ईस्टर्न आणि पॅनॲम या अमेरिकन विमान कंपन्या बंद पडल्या तेव्हा वीस-वीस वर्षे सेवा झालेले कॅप्टन दुसरीकडे यादीच्या तळाशी उभे राहिले, कारण क्रमांक एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही.

कंपन्या विलीन होतात तेव्हा या भरवशाची सगळ्यात कठोर परीक्षा होते, म्हणून अभ्यासकाने इथे जास्त वेळ थांबावे. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. यूएस एअरवेजचे वैमानिक म्हणाले, भरतीची तारीख धरा. अमेरिका वेस्टचे म्हणाले, तुमची कंपनी दिवाळखोरीत होती, तुमचे कित्येक लोक घरी बसले होते. दोन्ही याद्यांतले सापेक्ष स्थान धरा. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी २००७ मध्ये निवाडा दिला. मोठी विमाने उडवणारे यूएस एअरवेजचे ५१७ वैमानिक सर्वांत वर, कामावरून कमी केलेले तळाशी, मधल्यांची दोन्हीकडून गुंफण. अनेक वर्षे सेवा केलेले लोक नुकत्याच भरती झालेल्यांच्या खाली गेले. संतापलेल्या बहुसंख्य गटाने २००८ मध्ये जुनी संघटनाच बाजूला सारून नवी आणली, आणि खटले वर्षानुवर्षे चालले. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. एक बाजू केलेल्या सेवेचे मोल मागत होती, दुसरी आपल्या पुढच्या आशेचे. ही दोन मापे एकमेकांत बदलून घेण्याचा दर कोणी ठरवायचा, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही.

आपल्याकडे हाच गुंता एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्या २००७ च्या विलीनीकरणात दिसला. दोन संस्कृती, दोन संघटना, दोन वेतनपद्धती. २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनातील समानतेसाठी दहा दिवस संप केला. वेतन आणि पदोन्नतीचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी सुमारे दोन महिने काम थांबवले. ठिणगी होती ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळणार या प्रश्नाची. नव्या विमानावरची जागा म्हणजे पुढच्या सगळ्या तासांचा रस्ता, हे ज्याला उमगले त्याला तो संप हट्टापायी झाला असे वाटणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा या विमान कंपनीची उड्डाणे कोलमडली, तेव्हाही वादाच्या मुळाशी हमीचे तास ७० वरून ४० वर आणणारा नवा करार होता.

निवाडे आणि संपच वाचत राहिलो तर असे वाटू लागेल की इथे एकाचे हिरावल्याखेरीज दुसऱ्याला काही मिळत नाही. तो समज दूर व्हावा म्हणून २०२० ची कागदपत्रे वाचावीत. कोविडच्या साथीत प्रवासी नाहीसे झाले आणि यादीच्या नियमाने खालच्यांना घरी जावे लागणार हे उघड होते. युनायटेडच्या वैमानिकांनी कमी झालेले तास वाटून घेण्याचा करार मताने मंजूर केला आणि २८५० जणांची कपात टळली. डेल्टा या विमान कंपनीत हमीच्या तासांत पाच टक्क्यांपर्यंत घट स्वीकारून सुमारे १७०० नोकऱ्या वाचल्या. यादी एका ओळीनेही बदलली नाही. ज्येष्ठ होते तिथेच राहिले, बदलला तो वाटा. वरच्यांनी हे केवळ सहृदयतेने केले, की कपातीनंतर होणाऱ्या फेरबदलात आपलीही जागा हलेल या हिशेबाने, हे करारांच्या कलमांवरून आणि मतदानावरून तपासता येण्याजोगे आहे. पहिले प्रकरण त्याच कलमांपासून सुरू होते.