चवदार तळें आणि महाडचे नगराध्यक्ष



लहान गांवच्या नगरपालिकेचा अध्यक्ष पुढें प्रांताच्या कायदेमंडळांत निवडून जावा, यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु महाडचे सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, लोकांचे सुरबानाना, यांची वाट एका तळ्याच्या कांठावरून गेली, म्हणून ती स्मरणांत ठेवण्यासारखी आहे.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें. त्या तळ्यावर अन्यधर्मीय पाणी भरीत, गुरेंढोरेंहि पाणी पीत. मज्जाव होता तो केवळ अस्पृश्यांस. ठराव झाला, तरी सनातन्यांच्या दहशतीमुळें तळ्यावर जाण्यास कोणी धजेना.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. नगराध्यक्ष टिपणीस हे कायस्थ प्रभु घराण्यांतले. अनंतराव चित्रे व सहस्रबुद्धे यांच्याबरोबर ते परिषदेच्या पाठीशीं उभे राहिले. दुसऱ्या दिवशीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. थोड्याच वेळांत, आतां हे वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेस आलेल्या लोकांस मारहाण झाली. पुढें ता. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोले यांच्या ठरावानंतर बरोबर चार वर्षांनीं, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला.

यांतला बोध कठोर आहे. बहुमतानें उघडलेलें दार बहुमत पुन्हां लावूं शकतें. म्हणून हा लढा न्यायालयांत व कायदेमंडळांत न्यावा लागला. तळ्याविषयींचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला.

त्याच वर्षींच्या प्रांतिक निवडणुकींत टिपणीस स्वतंत्र मजूर पक्षातर्फें कुलाबा जिल्ह्यांतून विधानसभेंत गेले. त्या पक्षाचे चौदा उमेदवार निवडून आले. त्यांपैकीं अकरा राखीव जागांवर, तर टिपणिसांसह तिघे सर्वसाधारण जागांवर. ज्या जिल्ह्यांत तळ्यावरून डोकीं फुटलीं, तेथल्याच सर्वसाधारण मतदारांनीं त्यांस निवडलें, हें विसरतां येत नाहीं. पाण्याच्या प्रश्नाबरोबर आतां जमिनीचाहि प्रश्न आला. सप्टेंबर १९३७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें; जानेवारी १९३८ मध्यें कोंकणचे हजारों शेतकरी मुंबईंत विधानसभेवर मोर्चा घेऊन आले. खोती नाहींशी करणारा कायदा मात्र १९४९ सालीं झाला.

टिपणिसांनीं नगराध्यक्ष म्हणून जें केलें, तें कांहीं महिन्यांतच त्यांच्याच गांवानें पुसून टाकलें. तरीहि ते त्या बाजूनेंच उभे राहिले. आपली जात, आपले शेजारी व आपलें गांव दुखावून जो अधिकारी दुबळ्याचा हक्क मानतो, त्याचें काम ठराव रद्द झाल्यानें संपत नाहीं.