तळे राखी तो पाणी चाखी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहून द्यावे, अशी कार्यकारिणीची सूचना आली, तेव्हा घराण्यांच्या मूळ गावांविषयी अगर कुलाचारांविषयी लिहावे, असे प्रथम आमच्या मनात आले. परंतु ते विषय अशा अंकांतून वारंवार येऊन गेलेले आहेत. म्हणून या खेपेस आम्ही निराळा विषय हाती घेतला आहे. ज्या पाण्याच्या आधाराने आपल्या या भागात वस्ती झाली, ते पाणी कोणी आणले, कोणी राखले आणि कोणाच्या हातून ते गेले, याचा थोडा विचार ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण बहुधा उपहासाने वापरतो. संस्थेचा पैसा ज्याच्या हाती, त्याने त्यातला थोडा आपल्याकडे वळविला, की आपण ही म्हण उच्चारून मोकळे होतो. पण म्हणीचा सरळ अर्थ तितका हलका नाही. जो राखतो त्याला चाखण्याचा अधिकार आहे, हे तर खरेच. पण जो चाखतो त्याच्यावर राखण्याचे ऋण आहे, हेही त्यातच आले. आणि ज्याला चाखूच दिले नाही, त्याने राखावे अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी? आपल्या जिल्ह्यातील पाण्याचा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो, असे आम्हांस वाटते.

प्रथम राखणाऱ्यांची गोष्ट. मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे राजधानीचे शहर वसविले. त्याच्या मृत्यूनंतर त्याचेच काही काळ फतेहनगर झाले, १६५३ साली औरंगजेबाने त्यास औरंगाबाद हे नाव दिले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. शहर वसविणे हे राजाच्या इच्छेचे काम. पण शहर जगविणे हे पाण्याचे काम. खाम नदी उन्हाळ्यात आटणारी, आणि या प्रदेशाचा पाऊस सरासरीने वर्षास सातशे मिलिमीटरच्या आसपास. अंबराने नदीच्या उघड्या प्रवाहावर विसंबून न राहता हर्सूलच्या बाजूस जमिनीच्या पोटात झिरपणारे पाणी बांधीव भुयारी मार्गाने शहरात आणले. तोच नहर-ए-अंबरी. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झालेले हे काम आजही जाणत्या अभियंत्यांना विचार करावयास लावते. पुढील काळात याच पद्धतीचे आणखी नहर झाले. खापरी नळांतून पाणी वाहत असे. मार्गात ठराविक अंतरावर चुनेगच्चीचे उंच खांब उभारलेले असत; त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब सांभाळला जाई. कोठेही मोट नाही, रहाट नाही. केवळ जमिनीच्या उताराचा हिशेब.

पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की १७४४ च्या सुमाराची. दूरवरून नळांनी आलेले पाणी उंचावरून हौदात पडते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर पूर्वी जाते फिरून यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी दळण दळले जाई. सहलीला गेलेली मंडळी हौदातील मासे पाहतात, वडाच्या सावलीत बसतात आणि परत येतात. परंतु शतकानुशतके हे नळ वाहते राहिले, याचे श्रेय बांधणाराइतकेच राखणाराकडे जाते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खापरी नळात झाडाची मुळी शिरली, गाळ साचला, एखादा सांधा निखळला, की प्रवाह खुंटतो. तो पुन्हा वाहता करण्यासाठी जमिनीत उतरणारी माणसे लागतात. बांधणाराचे नाव इतिहासात राहिले. गाळ काढणाराचे राहिले नाही. आमच्या मते, आपल्या इतिहासलेखनातील ही एक मोठी उणीव आहे.

हे नहर निकामी का होऊ लागले? काही ठिकाणी त्यांवर रस्ते व घरे आली, काही ठिकाणी खोदकामात नळ फुटले. परंतु मूळ कारण आम्हांस निराळे दिसते. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ साली ते पूर्ण झाले. तेथून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावरून शहरास नळाचे पाणी मिळू लागले. ही फार मोठी सोय झाली, यात संशय नाही. परंतु घरात तोटी आली, त्याच दिवशी नहर परका झाला. गरज संपली, की निगा संपते. पुढे शहर वाढले, त्या तोटीला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले. तेव्हा लोकांना जुन्या नहरांची आठवण झाली. तोपर्यंत पुष्कळसे नळ मातीखाली गेले होते.

आता चाखू न दिलेल्यांची गोष्ट. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही, आणि ज्ञातिसंस्थेच्या अंकात ती सांगणे आम्हांस अधिकच अगत्याचे वाटते. लासूर स्टेशनावरून गाडीने शहराकडे जाताना पोटूळ मागे पडले, की दौलताबाद येते. त्या किल्ल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर थांबले होते. प्रवासाच्या धुळीने सर्वांची अंगे माखलेली. प्रवेशद्वाराशी काठोकाठ भरलेला एक लहानसा हौद होता. मंडळींनी त्यातील थोडेसे पाणी घेऊन हात-तोंड धुतले. तेवढ्यावरून आरडाओरडा झाला, लोक जमले, शिवीगाळ झाली. आणि अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही, या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, त्यांना आत सोडण्यात आले. ही हकीकत स्वतः बाबासाहेबांनीच लिहून ठेवलेली आहे. त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाड येथे त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाण्यावरील सर्वांचा हक्क जगापुढे मांडला होता. त्या तळ्याचा कज्जा न्यायालयात दहा वर्षे चालला व १९३७ साली उच्च न्यायालयात अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे दौलताबादचा प्रसंग घडला, तेव्हा तो निकालही लागावयाचा होता. आणि ज्या शहराच्या वेशीजवळ हा अपमान झाला, त्याच शहरात १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने महाविद्यालय उघडून मराठवाड्यातील मुलांना उच्च शिक्षणाचे दार मोकळे केले.

आपल्या घरांना विहिरीवर अगर पाणवठ्यावर मज्जाव नव्हता. आपल्या वाडवडिलांनी कोणाकोणाला काठावरून परत पाठविले, याची नोंद आपल्या कोणत्याही वहीत सापडणार नाही. परंतु नोंद नसणे म्हणजे दोष नसणे नव्हे. जुन्या काळी पाणी किती स्वच्छ होते, हे आपण अभिमानाने सांगतो. ते स्वच्छ पाणी सर्वांचे नव्हते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट आजच्या काळाची आहे. शहराच्या दिल्ली दरवाजाबाहेर, हिमायत बागेच्या परिसरात, मोगल काळातील एक तलाव आहे. त्याला पूर्वी खिज्री तलाव म्हणत. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या नावाने तो आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. हे नामकरण यथोचितच झाले. कारण १९३१-३२ च्या सुमारास सलीम अलींनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली होती, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात मोडत होता. या सरोवराच्या काठी उद्यान आहे, गर्द झाडी आहे, पाणकणसांची बेटे आहेत. आणि हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बदकांचे थवे येथे उतरतात.

या तलावाचे दुखणे तसे साधे आहे. भोवती वसाहती वाढल्या आणि त्यांचे सांडपाणी उताराने तलावाकडे आले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ही जलपर्णीची खतेच होत. जलपर्णी माजली, की पाण्यावर हिरवा गालिचा पसरतो. खाली सूर्यप्रकाश जात नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे मरतात, आणि माशांवर जगणारे पक्षी दुसरीकडे जातात. कुजलेली पर्णी तळाशी बसून तलाव वर्षानुवर्षे उथळ होत जातो. काठावरची बाग हिरवीगार दिसत असताना आतील पाणी मात्र मरत असते.

येथे नागरिकांमध्येच एक मतभेद उत्पन्न झाला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. काहींचे म्हणणे असे, की तलाव लोकांसाठी आहे. काठी फरसबंद वाट असावी, दिवे असावेत, नौकाविहार असावा. कष्टकरी कुटुंबाला संध्याकाळी मुलांना घेऊन जावयास दुसरी जागा कोठे आहे? पक्षिमित्रांचे म्हणणे असे, की नौका व दिवे आले म्हणजे पक्षी जाणार, आणि काठचे गवत व पाणकणीस 'साफ' केले म्हणजे पाणकोंबड्यांची घरटीच साफ होणार. हा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला. आम्ही दोन्ही बाजूंचा विचार केला. लोकांना काठ हवा, ही मागणी क्षुल्लक नव्हे. काठावरून माणसांना हाकलण्याचा आपला इतिहास वर सांगितलाच आहे. तथापि बाग राखणे आणि तळे राखणे, ही दोन कामे एक नव्हेत. बाग माळ्याला राखता येते. तिला कुंपण घालता येते, फाटक लावता येते. तळ्याला मात्र कुंपणाचा उपयोग नाही. जेथून जेथून पाणी उताराने येते, तेथील प्रत्येक घर तळ्याचे राखणदार असते, नाहीतर तळ्याचे मारेकरी असते. जो कधी त्या उद्यानात पाऊलही टाकत नाही, त्याच्या मोरीचे पाणीदेखील तेथवर पोहोचते. म्हणून काठाचा काही भाग माणसांसाठी मोकळा असावा, काही भाग पक्ष्यांसाठी निवांत ठेवावा, आणि सांडपाणी मात्र एक थेंबही शुद्ध केल्यावाचून आत येऊ नये, असा मध्यम मार्गच आम्हांस योग्य दिसतो.

असे होऊ शकते, याची आशा खाम नदीने दाखविली आहे. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, काही संस्था आणि स्वयंसेवक नागरिक यांनी मिळून नदीपात्रातील कचरा काढण्याचे काम नेटाने चालविले, आणि लोखंडी पुलाजवळच्या काठावर उद्यान उभे राहिले. काम अपुरे आहे, हे उघडच आहे. परंतु जेथे नाकाला रुमाल लावून जावे लागे, तेथे लोक फिरावयास येऊ लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. लासूर हे शिवना नदीच्या काठचे जुने गाव. लासूर स्टेशन ही रेल्वेने वाढविलेली पेठ. १९०० साली मनमाड-हैदराबाद मार्ग सुरू झाला, त्यानंतर बाजार स्टेशनाकडे सरकत गेला. या बदलाचा एक परिणाम असा झाला, की आपले तोंड रुळांकडे वळले आणि पाठ नदीकडे. कन्नडच्या डोंगराळ भागातून येऊन गोदावरीस मिळणाऱ्या या शिवनेत पाय धुऊन दाक्षायणी देवीच्या दर्शनास जाण्याची आमच्या घरी रीत होती. आमच्या आजीला नदीच्या पुराची वर्षे पाठ होती. आम्हांला गाड्यांच्या वेळा पाठ आहेत. आमच्या मुलांना दोन्हींची गरज राहिलेली नाही. ही तक्रार नव्हे. नहराचे जे झाले, तेच आमच्या घरात कसे घडले, याची ही कबुली आहे.

उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु मंडळापुढे तीन सूचना ठेवण्याची परवानगी असावी. पहिली, आपल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराचे सांडपाणी शेवटी कोठे जाऊन मिळते, हे एकदा स्वतः चालत जाऊन पाहावे. दुसरी, वार्षिक मेळाव्यातील पत्रावळी, पेले व निर्माल्य यांतील काहीही ओढ्यात वा नदीपात्रात जाऊ नये, ही जबाबदारी ठराव करून नेमून द्यावी. तिसरी, पाणवठ्याचे कोणतेही काम मंडळाने हाती घेतले, तर ते आपल्या ज्ञातीपुरते करू नये. काम करावयास आणि पुढे त्या काठावर बसावयास गावातील सर्वांना सारखेच बोलवावे. आपले हात कमी पडतील म्हणून नव्हे. ते पाणी आपल्या एकट्यांचे कधीच नव्हते म्हणून.

पूर्वजांनी आपल्याला देव्हारे दिले, कुळाची नावे दिली, काहींना वाडे दिले. त्यांतील पुष्कळ गोष्टी वाटण्यांत विभागल्या गेल्या. पाण्याची मात्र वाटणी करता येत नाही. ते सर्वांनी मिळून राखावे लागते, नाहीतर सर्वांनी मिळून गमवावे लागते. पुढील वर्षी ही स्मरणिका आपल्या हाती पडेल, तेव्हा या पृष्ठाची आठवण ठेवून कोणी तरी शिवनेच्या पात्रापर्यंत जाऊन आलेले असेल, एवढी आशा व्यक्त करून आम्ही रजा घेतो.