डालगं उचला, पण बेतानं

आधी भोकरदनकडच्या एखाद्या ब्रॉयलर शेडच्या जाळीशी उभे राहा. अमोनियानं डोळे चुरचुरतील. पंखे घरघरतायत आणि तुसावर हजारो पांढऱ्या कोंबड्या बसल्यात. सगळ्या एका वयाच्या. जेमतेम सहा आठवड्यांत दोन किलोंच्या झालेल्या. आता डोळे मिटा आणि पन्नास-पंचावन्न वर्षं मागं उडी मारा.

धप्प! उकिरड्यातच पडलात. असू द्या, सकाळी गावातली सगळ्यात गजबजलेली जागा हीच. केळणा नदीकाठचं हे गाव अजून औरंगाबाद जिल्ह्यात आहे. जालना जिल्हा व्हायला १९८१ उजाडावं लागेल. पायाखाली शेण कोमट लागतंय, चुलीचा धूर घशात उतरतोय. तेवढ्यात ओसरीवर आजी डालगं उचलते आणि काळी, तांबडी, कवडी फडफडत तुमच्या अंगावरून जातात. "कोणाचं रं लेकरू?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता ती मूठभर कण्या भिरकावते. कोपऱ्यात एक खुडूक बसलीय, तिच्या वाटेला जाऊ नका. गेलात? मग बसा हात चोळत.

अंडं मागू नका. वर्षाकाठी एक कोंबडी साठेक अंडी देणार (तुमच्या काळातली पिंजऱ्यातली तीनशे देते), आणि त्यांचं बाजारात मीठ, तेल, काडेपेटी होणार. घरची पोरंसुद्धा अंड्यांच्या गाडग्याकडं नुसती बघतात.

पण आज जावई आलेत! सगळी आळी कोंबड्यामागं धावतेय, तुम्हीही धावा. पाट्यावर भाजलेलं खोबरं वाटलं जातंय, त्याच्या वासानं पोटात खड्डा पडलाय. कोंबडा एक, तोंडं चौदा. तुमच्या भाकरीवर मानेचा तुकडा आणि रस्सा येतो. आजीच्या ताटात नुसता रस्सा. "मला दात कुठंयत?" म्हणते. आहेत की, दिसतायत.

इथंच राहावंसं वाटतंय? मग उन्हाळ्यापर्यंत थांबा. एका सकाळी आजी डालगं उचलते आणि आतून काहीच बाहेर येत नाही. मानमोडीची साथ. माना वाकड्या झालेल्या पक्ष्यांसोबत घरचं तेल-मीठही गेलं. लस आहे, पण ती या आळीपर्यंत आलेली नाही. शेडमध्ये ती प्रत्येक पिल्लाला मिळते. मजुराच्या ताटात कोंबडी आली तीही शेडमुळंच.

चला परत. शेडवाला घाम पुसतोय. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, मजुरी आणि विजेचं बिल त्याचं. त्याला मिळतात किलोमागं काही रुपये, आणि मे महिन्यात उकाड्यानं पक्षी पटापट मरायला लागले की रात्र रात्र जागरण. रोग शिरेल म्हणून शेडजवळ गावरान पाळायची नाही, असंही बजावलेलं.

"मग घरी कोणती खाता?"

तो ओशाळं हसतो. गावातल्या घरी, आईच्या डालग्याखाली, दोन तांबड्या आहेत.