कोठाराकडून संदेशवाहकाकडे : मेदऊती आणि मेंदू यांच्या संबंधाचा संशोधनेतिहास

प्रस्तावना

शरीरातील चरबी म्हणजे जादा अन्नाचे निष्क्रिय कोठार, ही समजूत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत वैद्यकक्षेत्रात प्रबळ होती. लठ्ठपणा हा संयमाच्या अभावाचा परिणाम आहे, हा नैतिक निवाडा तिच्याच आधाराने टिकून राहिला. १९९४ मध्ये लेप्टिनच्या जनुकाचा शोध लागला आणि मेदऊती ही संप्रेरके स्रवणारी ऊती असून तिचा मेंदूशी अखंड संवाद चालतो, हे प्रस्थापित झाले. प्रस्तुत लेखात या शोधाची पूर्वपीठिका व त्यानंतरची वाटचाल यांचा मागोवा घेतला आहे. संप्रेरक रक्तात किती आहे यापेक्षा त्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतो काय आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर पोहोचतो, हा प्रश्न या इतिहासात वारंवार निर्णायक ठरला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

भुकेच्या केंद्राचा शोध

मेंदू आणि मेद यांच्या संबंधाची जाणीव प्रथम रुग्णनिरीक्षणातून झाली. १९०१ मध्ये व्हिएन्ना येथील आल्फ्रेड फ्रोलिश यांनी पियुषिका ग्रंथीच्या परिसरातील गाठ आणि लठ्ठपणा एकत्र आढळलेल्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४० मध्ये हेदरिंग्टन व रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधील विशिष्ट भागास इजा केली असता ते अतिशय लठ्ठ होतात, हे दाखविले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांना याच्या नेमके उलट आढळले : हायपोथॅलॅमसच्या पार्श्वभागास इजा होताच प्राणी खाणेच सोडून देतो. या भागास ‘क्षुधाकेंद्र’ हे नाव मिळाले. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञान विभागाची उभारणी केली, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

मेंदूत भुकेचे नियमन होते, हे यावरून स्पष्ट झाले. मात्र शरीरात मेदाचा साठा किती आहे, हे मेंदूला कळते कसे? १९५३ मध्ये गॉर्डन केनेडी यांनी मेदसाठ्याच्या प्रमाणात बदलणारा एखादा घटक रक्तावाटे मेंदूला वार्ता देत असावा, अशी कल्पना मांडली. या घटकाचा शोध लागण्यास चार दशके जावी लागली.

बार हार्बर येथील उंदीर

अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९५० मध्ये जन्मतः लठ्ठपणाकडे झुकणाऱ्या उंदरांच्या एका वाणाची नोंद प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये लठ्ठ आणि मधुमेही अशा दुसऱ्या वाणाची भर पडली. डग्लस कोलमन यांनी शस्त्रक्रियेने दोन उंदरांचे रक्ताभिसरण परस्परांशी जोडून तपासणी केली. पहिल्या वाणाचा उंदीर निरोगी उंदरास जोडला असता त्याचे खाणे कमी झाले. दुसऱ्या वाणाचा उंदीर जोडला असता मात्र निरोगी जोडीदार उपासमारीने मेला आणि लठ्ठ उंदीर लठ्ठच राहिला. कोलमन यांचा निष्कर्ष असा की, पहिल्या वाणात तृप्तीचा संदेश निर्माणच होत नाही. दुसऱ्यात तो विपुल निर्माण होतो, पण ग्रहण होत नाही. लठ्ठपणा हा वर्तनाचा दोष मानणाऱ्या त्या काळात हा निष्कर्ष सहज स्वीकारला गेला नाही.

शोध, अपेक्षा आणि अपेक्षाभंग

डिसेंबर १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वाणातील सदोष जनुक शोधल्याचे प्रसिद्ध केले. त्यापासून मेदऊतीत तयार होणाऱ्या संप्रेरकास ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘लेप्टिन’ हे नाव देण्यात आले. ॲमजेन या कंपनीने १९९५ मध्ये २ कोटी डॉलर मोजून त्याचे हक्क घेतले. लठ्ठपणावरील औषध हाती आले, अशी हवा निर्माण झाली.

ती फार काळ टिकली नाही. बहुसंख्य लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून अधिक असते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. त्यांची अवस्था पहिल्या वाणापेक्षा दुसऱ्या वाणाच्या जवळची होती. १९९९ च्या चिकित्सालयीन चाचणीतही परिणाम व्यक्तिपरत्वे फार भिन्न आढळले. याउलट, १९९७ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी जन्मतः लेप्टिनचा अभाव असलेल्या दोन चुलत भावंडांचे वर्णन केले. त्यांतील ८ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलोग्रॅम होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यानंतर १२ महिन्यांत तिचे वजन सुमारे १६ किलोग्रॅमने घटले. तिच्या अनावर भुकेचे कारण संस्कारांत किंवा स्वभावात नव्हते. एका जनुकात होते.

भुकेपलीकडचा मेंदू

लेप्टिनचे कार्य केवळ भूक आवरण्यापुरते नाही, हेही हळूहळू उघड झाले. १९९६ मध्ये आहिमा व सहकाऱ्यांनी उपासमारीत लेप्टिनची घटती पातळी हाच मेंदूला दिलेला इशारा असतो, असे दाखविले. २००४ मध्ये बुरे, ड्रेपर व सिमर्ली यांच्या प्रयोगात लेप्टिनहीन उंदरांत हायपोथॅलॅमसमधील चेतातंतूंची जोडणी अपुरी आढळली. नवजात अवस्थेत लेप्टिन दिल्यास ती सुधारत होती. प्रौढपणी दिल्यास तसा लाभ होत नव्हता. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्येही लेप्टिनचे ग्राही आढळतात.

२००९ मध्ये अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासातील ७८५ व्यक्तींच्या पाहणीत लेप्टिनची पातळी अधिक असलेल्यांत अल्झायमर विकाराचे प्रमाण कमी आढळले. तथापि ॲडिपोनेक्टिन या दुसऱ्या मेदजन्य संप्रेरकाबाबत चित्र अनपेक्षित होते. हितकारक मानल्या गेलेल्या या संप्रेरकाची अधिक पातळी आणि स्त्रियांमधील स्मृतिभ्रंशाचा अधिक धोका यांत २०१२ मध्ये संबंध आढळला. त्यातच स्मृतिभ्रंशाच्या निदानापूर्वी काही वर्षे वजन घटू लागते. म्हणजे उतारवयातील संप्रेरकपातळी हे रोगाचे कारण की परिणाम, हे एका मोजणीवरून ठरविता येत नाही. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या १४ टाळता येण्याजोग्या धोकाघटकांत लठ्ठपणाचा समावेश करताना मध्यमवयावर भर दिला, तो या संदर्भात लक्षणीय आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रेणूचा शोध आणि रोगावरील उपाय यांत मोठे अंतर असते. लेप्टिनपासून तयार केलेल्या औषधास अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, ती सर्वसाधारण लठ्ठपणासाठी नव्हे, तर मेदऊतीच नाहीशी होणाऱ्या एका दुर्मिळ विकारासाठी. मेदजन्य संप्रेरकांच्या आधारे स्मृतिभ्रंश रोखण्याच्या दाव्यांकडेही याच सावधगिरीने पाहावे लागेल. दुसरी, आहार व श्रम यांचे महत्त्व या संशोधनाने कमी होत नाही. परंतु लठ्ठ व्यक्तीस आळशी वा असंयमी ठरविणारा निवाडा मात्र त्यामुळे निराधार ठरतो. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याच्या शरीरावरून शेरा मारला जातो, तेव्हा कोलमन यांच्या प्रयोगांपूर्वीचेच ज्ञान बोलत असते. शरीरक्रियाविज्ञान शिकविताना संप्रेरकांच्या यादीबरोबर हा इतिहासही शिकविला जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.