डेट्रॉइट नगरीचे दिवाळे

'दिवाळे' या शब्दाच्या मुळाशी एक जुनी चाल सांगितली जाते. ज्या सावकाराची पत बुडाली, तो भरदिवसा आपल्या पेढीच्या दारात दिवा लावी आणि धनकोंनी काय ते समजावे. व्युत्पत्तिकारांनी या कथेवर किती भर द्यावा हा प्रश्न निराळा; पण तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कर्ज ज्याने काढले, दिवाही त्यानेच लावावयाचा. नगराच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. दिनांक १८ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट नगरीने सुमारे १८ अब्ज डॉलरांच्या देण्यासह न्यायालयाकडे दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या देशाच्या इतिहासात एवढे मोठे नागरी दिवाळे पूर्वी निघाले नव्हते. तथापि त्या अर्जामागे जो अधिकारी उभा होता, त्याला डेट्रॉइटच्या मतदारांनी निवडलेले नव्हते. या घटनेकडे केवळ हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहून भागणार नाही, असे आम्हांस वाटते ते याच कारणासाठी.

या अधोगतीची दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. मोटारधंदा खालावला, हे एक. पालिकेचा कारभार भ्रष्ट होता आणि कामगार-संघटनांनी तिला पिळून काढले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. परंतु मोटारधंदा केवळ खालावला नाही, तो आधी शहराबाहेर गेला; आणि भ्रष्टाचार तर अनेक नगरांत असतो, ती सारीच काही दिवाळे काढीत नाहीत.

१९५० च्या शिरगणतीत डेट्रॉइटची वस्ती साडेअठरा लाख होती. २०१० मध्ये ती सव्वासात लाखांहूनही कमी भरली. १९६७ च्या दंगलीने शहर बुडविले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या दंगलीत ४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि तिने पळापळीस वेग दिला, हे खरेच. पण टॉमस सग्रू या इतिहासकाराने १९९६ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे की, ऱ्हासाचा आरंभ त्यापूर्वीच झाला होता. १९४७ ते १९६३ या सोळा वर्षांत, म्हणजे जगाच्या दृष्टीने डेट्रॉइटचे वैभव शिगेला असताना, या शहराने कारखान्यांतील सव्वा लाखाहून अधिक नोकऱ्या गमावल्या. नवे कारखाने उपनगरांतील मोकळ्या जमिनीवर उभे राहिले. त्यांच्यामागोमाग गौरवर्णीय कुटुंबे गेली, कारण घरासाठी सरकारी हमीचे कर्ज त्यांना मिळे आणि कृष्णवर्णीयांना बहुधा नाकारले जाई. शहराच्या उत्तर सीमेवरील 'एट माइल' रस्त्याजवळ १९४१ मध्ये एका घरबांधणी व्यावसायिकाने सुमारे अर्धा मैल लांबीची भिंत घातली. पलीकडच्या कृष्णवर्णीय वस्तीपासून आपली घरे वेगळी दिसावीत आणि ती कर्जास पात्र ठरावीत, एवढाच तिचा हेतू. ती भिंत पुष्कळ अंशी अद्याप उभी आहे.

आमच्या मते या इतिहासाचे मर्म हद्दीत आहे. (नकाशावरची एक रेघ पिढ्यान्‌पिढ्या काय करू शकते, हे सीमाभागातील आमच्या वाचकांस सांगावयास नको.) १९२० च्या दशकानंतर डेट्रॉइटची हद्द वाढली नाही; संपत्ती मात्र त्या हद्दीपलीकडे वाढत राहिली. सुमारे १३९ चौरस मैलांतील रस्ते, नळ, दिवे आणि अग्निशमन तेवढेच राहिले. ते पोसणारे हात निम्म्याहून कमी झाले. १९७४ मध्ये मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, शहरातील शाळांच्या वर्णभेदावर उपाय म्हणून उपनगरांच्या शाळांना त्यात ओढता येणार नाही. शिक्षकवर्गाने हा निकाल मुद्दाम ध्यानात घ्यावा. ज्या पालकांना शहर सोडावयाचे होते, त्यांना या निकालाने एक प्रकारे अभयपत्रच मिळाले. त्याच वर्षी कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून अधिकारावर आले व वीस वर्षे राहिले. सत्ता हाती आली, तेव्हा तिजोरी रिकामी होऊ लागली होती.

महसूल आटला म्हणून कर वाढविले. कर वाढले म्हणून आणखी लोक गेले. १९९८ मध्ये महापौर आर्चर व राज्यपाल एंगलर यांच्यात असे ठरले की, शहराने आपला प्राप्तिकर क्रमाने उतरवावा आणि राज्याने महसुलातील ठरावीक वाटा द्यावा. कर उतरू लागला. पुढे राज्यास ओढगस्त लागली, तेव्हा वाट्यास कात्री बसली.

मग २००५ चे कर्ज आले. महापौर किलपॅट्रिक यांच्या कारकिर्दीत निवृत्तिवेतन-निधीची तूट भरण्यासाठी सुमारे १.४ अब्ज डॉलर उभारण्यात आले. कायद्याने शहराच्या कर्जास मर्यादा होती. ती चुकविण्यासाठी मध्ये खास संस्था उभ्या केल्या. व्याजदर वाढतील या अपेक्षेने बँकांशी अदलाबदलीचे करार केले, आणि २००८ च्या अरिष्टानंतर दर कोसळले. करार मोडला तर प्रचंड भरपाई द्यावी लागेल, म्हणून २००९ मध्ये जुगारगृहांवरील कराचे उत्पन्न तारण दिले. ज्या घरात उद्याची मीठभाकरीही गहाण पडली, त्याचे पुढे काय व्हावयाचे? किलपॅट्रिक यांना २००८ मध्ये पद सोडावे लागले, आणि २०१३ मध्ये लाचखोरी व खंडणीच्या आरोपांखाली २८ वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करून त्यांची सुटका केली.

आता दिवा कोणी लावला ते पाहू. संकटग्रस्त नगरांवर सर्वाधिकारी व्यवस्थापक नेमण्याचा मिशिगनचा २०११ चा कायदा मतदारांनी नोव्हेंबर २०१२ च्या जनमतकौलात फेटाळला. दोन महिने लोटण्याच्या आत विधिमंडळाने जवळजवळ तसाच दुसरा कायदा केला आणि त्यास खर्चाची एक तरतूद जोडली. कारण खर्चमंजुरीच्या कायद्यावर त्या राज्यात जनमत घेता येत नाही. या युक्तीस कायदेपांडित्य म्हणता येईल. लोकशाही म्हणणे आम्हांस जड जाते. मार्च २०१३ मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी केव्हिन ऑर या दिवाळखोरी-कायद्याच्या वकिलास नेमले. महापौर व नगरसभा नावापुरती उरली.

निवृत्तिवेतनास राज्याच्या १९६३ च्या घटनेचे स्पष्ट संरक्षण होते. कर्मचाऱ्यांनी राज्याच्या न्यायालयाकडे मनाईहुकूम मागितला. त्या सुनावणीस काही मिनिटे उरली असताना ऑर यांचा अर्ज संघीय न्यायालयात दाखल झाला. ३ डिसेंबर २०१३ रोजी न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निर्णय दिला की, संघराज्याच्या दिवाळखोरी-कायद्यापुढे ते संरक्षण टिकत नाही. निवृत्तिवेतन म्हणजे इतर देण्यांसारखेच एक देणे, हा त्याचा इत्यर्थ. त्याचे पडसाद डेट्रॉइटपुरते राहिले नाहीत. अमेरिकेतील प्रत्येक पालिकेच्या सेवकाने ते ऐकले.

धनकोंची दृष्टी मग नगराच्या कलासंग्रहालयाकडे वळली. पालिकेच्या पैशाने विकत घेतलेल्या चित्रांचे मोल क्रिस्टी या लिलावगृहाने ४५ ते ८७ कोटी डॉलरांच्या दरम्यान ठरविले. चित्रे विकावी की म्हाताऱ्यांची पोटे मारावी, असा पेच होता. अखेर धर्मादाय संस्था, राज्य आणि संग्रहालय यांनी मिळून सुमारे ८२ कोटींची हमी घेतली. चित्रे वाचली, आणि सामान्य सेवकांच्या निवृत्तिवेतनाची कपात साडेचार टक्क्यांवर थांबली. तथापि महागाईनुसार होणारी वाढही त्यांच्याबाबतीत बंद झाली. वरकरणी लहान दिसणारी ही दुसरी कपात दरवर्षी थोडीथोडी खात जाते, हे ठरीव वेतनावर जगलेल्या कोणासही कळेल. बँकांनीही सोसले, नाही असे नाही. अदलाबदलीचे करार मिटविण्यासाठी १६.५ कोटी देण्याची तडजोड ऱ्होड्स यांनी धुडकावली, आणि अखेर ती साडेआठ कोटींवर आली.

डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले. सुमारे सात अब्जांचे देणे उतरले. विझलेले रस्त्यांवरचे दिवे पुन्हा लागले. पण पाणीपुरवठ्याची मोठी व्यवस्था प्रादेशिक प्राधिकरणाकडे भाड्याने गेली, आणि त्याच २०१४ च्या उन्हाळ्यात थकबाकीमुळे हजारो घरांचे नळ तोडले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या फ्लिंट नगरात अशाच नेमलेल्या व्यवस्थापकाच्या अमलात खर्च वाचविण्यासाठी नदीचे पाणी नळांत सोडले गेले, आणि मुलांच्या रक्तात शिसे उतरले. डेट्रॉइटवरील राज्याची देखरेख २०१८ मध्ये उठली. निवृत्तिवेतन-निधीत नगराने भरावयाच्या मुख्य हप्त्यांना दहा वर्षांची जी सवलत होती, ती संपून भरणा २०२४ पासून पुन्हा सुरू झाला आहे.