समान चलन, असमान वाढ : युरोक्षेत्रातील आर्थिक पूर्वानुमानांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

१ जानेवारी १९९९ रोजी युरोपातील अकरा राष्ट्रांनी आपापल्या चलनांचे परस्पर विनिमय दर कायमचे निश्चित करून ‘युरो’ या समान चलनाचा स्वीकार केला. २००१ मध्ये ग्रीस या गटात सामील झाला आणि १ जानेवारी २००२ पासून बारा राष्ट्रांत युरोच्या नोटा व नाणी प्रत्यक्ष व्यवहारात आली. या घटनेच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु समान चलनाबरोबरच संपूर्ण क्षेत्राच्या आर्थिक वाढीचे एकत्रित पूर्वानुमान करण्याची जबाबदारीही निर्माण झाली, याकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. या पूर्वानुमानांचा इतिहास तपासून त्यांतील चुकांचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वानुमानाला आलेले महत्त्व

रॉबर्ट मुंडेल यांनी १९६१ मध्ये इष्टतम चलनक्षेत्राची संकल्पना मांडली. ज्या प्रदेशांवर आर्थिक आघात वेगवेगळ्या प्रकारे होतात, त्यांनी एकच चलन स्वीकारल्यास श्रमिकांचे स्थलांतर किंवा वेतनातील लवचिकता यांवाचून समतोल साधणे कठीण जाते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. युरो स्वीकारणाऱ्या राष्ट्रांनी अवमूल्यनाचा व स्वतंत्र व्याजदराचा अधिकार सोडला होता. फ्रँकफुर्ट येथील युरोपीय मध्यवर्ती बँक सर्वांसाठी एकच व्याजदर ठरवू लागली.

दुसरीकडे, १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने राजकोषीय तुटीसाठी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के आणि सार्वजनिक कर्जासाठी ६० टक्के अशी मर्यादा घालून दिली. या दोन्ही मर्यादा उत्पादनाशी निगडित असल्यामुळे वाढीचा अंदाज जितका आशावादी, तितकी कागदावरील तूट लहान दिसत असे. म्हणजेच पूर्वानुमान हे केवळ अभ्यासकांचे साधन राहिले नाही. ते अंदाजपत्रकाचा आणि व्याजदराचा पाया बनले.

सरासरीची मर्यादा

युरोपीय मध्यवर्ती बँकेने १९९९ मध्ये व्यावसायिक पूर्वानुमानकारांचे सर्वेक्षण सुरू केले आणि २००० च्या अखेरीपासून आपल्या तज्ज्ञांची अनुमाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. ही अनुमाने क्षेत्राच्या सरासरीची होती. पहिल्या दशकात जर्मनीची अर्थव्यवस्था मंदावलेली असताना आयर्लंड व स्पेन येथे बांधकाम आणि कर्जपुरवठा यांना उधाण आले होते. सरासरी आकडा या दोहोंपैकी कोणाचीच खरी स्थिती सांगत नव्हता.

आधारभूत आकडेवारीही नेहमी विश्वसनीय नव्हती. ग्रीसच्या २००९ च्या तुटीचा अंदाज त्या वर्षाच्या वसंत ऋतूत ३.७ टक्के होता. ऑक्टोबरमध्ये तो १२.५ टक्के झाला आणि अंतिमतः १५ टक्क्यांहून अधिक निघाला. जेथे वर्तमानाचेच मोजमाप असे डळमळीत असते, तेथे भविष्याचे अनुमान कशाच्या आधारे करावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

२००८ ते २०११ : दोन वळणे

जुलै २००८ मध्ये मध्यवर्ती बँकेने महागाईच्या भीतीने व्याजदर ४ वरून ४.२५ टक्क्यांवर नेला. सप्टेंबरच्या आरंभी २००९ साठी ०.६ ते १.८ टक्के वाढीचे अनुमान करण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी वित्तसंस्था कोसळली. डिसेंबरमध्ये हेच अनुमान उणे १ ते शून्य आणि मार्च २००९ मध्ये उणे ३.२ ते उणे २.२ टक्के झाले. प्रत्यक्षात उत्पादन सुमारे साडेचार टक्क्यांनी घटले. युरोक्षेत्राच्या व्यापारचक्रांचे कालनिर्णय करणाऱ्या तज्ज्ञ समितीने मार्च २००९ मध्ये जाहीर केले, की मंदीपूर्वीचे शिखर २००८ च्या पहिल्याच तिमाहीत येऊन गेले होते. म्हणजे व्याजदर वाढविला गेला तेव्हा मंदी अगोदरच सुरू झालेली होती.

एप्रिल व जुलै २०११ मध्ये पुन्हा व्याजदरवाढ झाली. त्याच वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीपासून दुसरी मंदी सुरू झाली आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हे दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले.

ग्रीसचा अनुभव

मे २०१० मध्ये ग्रीसला ११० अब्ज युरोंचे साहाय्य मंजूर झाले. त्यासोबतच्या काटकसरीच्या कार्यक्रमात २०१२ पर्यंत वाढ पुन्हा सुरू होईल, असे गृहीत धरले होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०१३ मध्ये केलेल्या परीक्षणानुसार २००९ ते २०१२ या काळात उत्पादनात ५.५ टक्के घट अपेक्षित होती. प्रत्यक्ष घट १७ टक्के झाली. त्याच वर्षी नाणेनिधीचे ऑलिव्हिए ब्लँशार व डॅनिएल ली यांनी या चुकीचे एक कारण दाखवून दिले. पूर्वानुमानकारांनी राजकोषीय गुणक सुमारे ०.५ धरला होता; तो मंदीच्या काळात ०.९ ते १.७ इतका असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारी खर्चातील एका युरोच्या कपातीने उत्पादन अर्ध्या युरोने घटेल असे मानले गेले. परंतु ते एका युरोहूनही अधिक घटू शकत होते. अवमूल्यनाचा मार्ग बंद आणि व्याजदरही आपल्या हाती नाही, अशा देशात ही चूक अधिक महाग पडली. २०१३ मध्ये ग्रीसमधील बेरोजगारी २७ टक्क्यांवर पोहोचली. गुणकातील या फरकाची किंमत अखेर रोजगार गमावलेल्या माणसांना मोजावी लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, युरोक्षेत्रातील पूर्वानुमानांच्या चुका केवळ गणिती नव्हत्या. क्षेत्राच्या सरासरीवर दिलेला भर आणि आशावादाला पोषक असे नियम यांतून त्या उद्भवल्या. दुसरी, अशा क्षेत्रात अनुमान स्वतःच घटनाक्रम घडविते, कारण धोरण त्यावरच उभे असते. तिसरी, सुधारणेचा मार्ग संस्थात्मक आहे. २०१३ च्या नियमावलीने सदस्य राष्ट्रांची अंदाजपत्रके स्वतंत्र संस्थेने तयार केलेल्या अथवा मान्य केलेल्या अनुमानांवर आधारणे बंधनकारक केले, हे त्या दिशेचे महत्त्वाचे पाऊल होय. तथापि २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांची मालमत्ता कागदोपत्री स्थलांतरित झाल्याने आयर्लंडचे उत्पादन एका वर्षात सुमारे एक चतुर्थांशाने वाढल्याचे नोंदले गेले. पूर्वानुमान स्वतंत्र झाले तरी ज्याचे अनुमान करावयाचे ते मोजमाप निर्दोष असेलच असे नाही, याची जाणीव हे उदाहरण करून देते. म्हणूनच आकड्याबरोबर त्यामागील गृहीतकेही प्रकट करणे आणि चूक झाल्यास तिचे जाहीर परीक्षण करणे, हीच या इतिहासाची खरी शिकवण म्हणावी लागेल.