डोक्याला चिकटलेलं गाडगं

2012 च्या सहा डिसेंबरला आम्ही शिरपूर जैनहून सहकुटुंब चैत्यभूमीवर गेलो. दुसऱ्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमची ममी पाहिली. कर्नाकचा पुजारी नेस्पेरेन्नूब, सुमारे 2800 वर्षांपूर्वीचा. पट्ट्या न सोडता सीटी स्कॅनने आत पाहिलं, तर डोक्याला मातीचं ओबडधोबड भांडं चिकटलेलं. राळ ओतताना खाली ठेवलं असावं. निघालं नाही, तसंच गुंडाळलं.

'गाडगं निंगालंच नाही!' बाप हसला. 1956 च्या धर्मांतरापूर्वी, पोरवयात, त्यानं आज्यासोबत गावची मेलेली ढोरं ओढलेली. मग तो बराच वेळ तिथून हलेना.

पुजाऱ्याचं नाव शवपेटीवर आहे, गाडगं ठेवणाऱ्याचं कुठंच नाही. मात्र त्या धंद्याची एक नोंद सापडते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डायोडोरस लिहितो, की प्रेताची कूस चिरणारा काम होताच पळत सुटे आणि जमलेले लोक शिव्याशाप देत त्याच्यावर दगड फेकीत. चिरायला तोच हवा, दगड खायलाही तोच! मसाला भरणाऱ्यांना मात्र मान, देवळात मुक्त वावर. एकाच मढ्यावरच्या हातांतही अशी उतरंड.

परतीच्या गाडीत बापाला हे सांगितलं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, 'लागला असंल का गा त्याले दगड?'